अनोळखी माणसांचे धकाते

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, एके काळी नागपूर शहरात कोणालाही कोणाला अनोळखी राहण्याची सोय उरली नव्हती, आणि या परिस्थितीला मनोहर गणपत धकाते, हुद्दा विक्री प्रतिनिधी, राहणार तांडापेठ, हा एकच इसम सर्वस्वी जबाबदार होता. सदर इसमावर कधीही कारवाई झाली नाही. ज्यांनी कारवाई करायची, तेही त्याच्या ओळखीचे होते.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या सदर या भागात चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर आमच्या कंपनीची शाखा होती. शाखा म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक टेलिफोन, एक टाइपरायटर आणि रबराचा वास. कंपनी मुंबईची. आम्ही यंत्रांचे पट्टे विकत असू. मोटर फिरते, तिच्यामुळे पट्टा फिरतो, पट्ट्यामुळे गिरणी फिरते, एवढंच आमच्या धंद्याचं तत्त्वज्ञान. टाइपरायटर माझा होता. बाकीचं सगळं नागपूर धकात्यांचं.

बेतास बात उंची, किंचित पुढे आलेलं पोट, पान खाल्लेलं नसतानाही पान खाल्ल्यासारखा दिसणारा प्रसन्न चेहरा. ते रस्त्यानं चालत नसत, थांबत थांबत पुढे सरकत. सदरच्या चौकातून आमच्या जिन्यापर्यंतचं अंतर कोणीही चुटकीसरशी पार करी. धकाते मात्र सकाळी चौकात दिसले, तर जिन्यावर येईपर्यंत माझा चहा निवून, दुसरा येऊन, तोही निवलेला असे. अनोळखी माणूस दिसला की ते त्याच्याकडे, आपण मिठाईच्या कपाटाकडे बघतो तसे बघत. कुठून सुरुवात करू आणि कुठून नको.

कंपनीनं त्यांना सुरेख छापील कार्डं दिली होती. ती टेबलाच्या खणात जशीच्या तशी पडून होती. खिशात भरलेली असत ती दुसऱ्यांची कार्डं. तीच ते वाटत. दाताच्या डॉक्टराला विहीर खोदणाऱ्याचं, विहीर खोदणाऱ्याला बँडवाल्याचं. मी एकदा न राहवून विचारलं, "धकातेभाऊ, तुमचं स्वतःचं कार्ड काय पुढच्या जन्मी देणार?"

"पाठक, आपलंच नाव आपण वाटत फिराव काय गा?" ते खरोखर लाजले. "डॉक्टरच्या वाड्यात पाणी नाही. त्याले विहीरवाला पाहिजे. मी काय विहीर खोदून राहिलो?"

दुसरा त्यांचा दंडक याहून विचित्र होता. ते कोणाला पहिल्या भेटीत नाव विचारत नसत. कामही विचारत नसत. "नाव काय, काम काय, हे पोलीस इचारते," ते म्हणत. "इचारलं का माणूस ताठ होते. पहिले बसाव, काही खाव, बोलाव. नाव मंग येते आपल्या पायानं."

आता असा माणूस पट्टे कधी विकत असेल, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. म्हणून एकदा मी त्यांच्याबरोबर रामटेकला गेलो. तिथे भोयर म्हणून एक गृहस्थ होते, त्यांची धानाची गिरणी होती. धान नुकतं आलेलं. गिरणीच्या कौलांतून उन्हाच्या तिरप्या दांड्या आत उतरल्या होत्या, आणि त्या दांड्यांमध्ये भुसा इतका संथ तरंगत होता की तो खाली येतोय की वर जातोय, हे कळू नये. वर डोंगरावर देवळाचा कळस, खाली गिरणीची धडधड. आणि त्या धडधडीत, दर थोड्या वेळानं, एक हुंदक्यासारखा आवाज. माझ्यासारख्या टंकलेखकालासुद्धा कळलं, पट्टा सरकतोय. सैल झालाय. आज ना उद्या तुटणार.

मी डोळ्यांनी खुणावलं. धकात्यांनी डोळे मिटले.

ते भोयरांशी बोलत बसले. बैलांबद्दल, भोयरांच्या मेव्हण्याच्या पोटदुखीबद्दल, तळ्यातल्या शिंगाड्यांबद्दल. बोलता बोलता कळलं की फोलपटांचा ढीग गिरणीमागे वाढत चाललाय आणि त्याचं काय करावं ते भोयरांना कळत नाही. धकात्यांचा चेहरा उजळला. खिशातून कार्ड निघालं, उमरेड रोडवरच्या एका वीटभट्टीवाल्याचं. भट्टीला फोलपट हवंच असतं. भोयर खूष, धकाते खूष. पट्टा हुंदके देतोय. आम्ही शिंगाडे खाऊन एसटीनं परत.

"पट्ट्याचं?" मी एसटीत विचारलं.

"कोणता पट्टा?" धकाते म्हणाले, आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेले.

पुढे कित्येक महिन्यांनी आमच्या जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला. भोयर. गळ्यात तुटलेला पट्टा हारासारखा घातलेला, दोन्ही टोकं गुडघ्यांपर्यंत लोंबत होती. धकात्यांना बघून ते दारातच थबकले.

"तुमी इथं?"

"मी इथंच राहतो दिवसभर. पट्टे विकतो."

"पट्टे विकता?" भोयर आनंदानं नव्हे, संतापानं ओरडले. "अन् माह्या गिरणीत बसून शिंगाडे खाऊन गेले! तो भट्टीवाला म्हणे सदरात पट्ट्याचं एक दुकान हाये, म्हणून आलो मी. सांगता नाही येत माणसाले?"

त्यांनी जुन्यासारखेच नवे पट्टे घेतले, शिवाय शेजारच्या दोन गिरण्यांसाठीही घेतले, आणि जाईपर्यंत धकात्यांना शिव्या देत राहिले. धकाते पाहुण्याला पोचवायला जावं तसे त्यांच्या मागे मागे जिना उतरून गेले.

पण हे सगळं फार हळू चालायचं, आणि मुंबईला हळू चालत नाही. दर तिमाहीला तिथून आमचे विभागीय साहेब येत. तरुण, हुशार, टायची गाठ गळ्याशी घट्ट. एकदा ते टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "धकाते, तुम्ही महिनाभर ज्यांना भेटलात त्यांत बँडवाले आहेत, वैद्य आहेत, एक पहिलवान आहे. यांतला पट्टा कोण घेणार?"

"साहेब, माझा बाप मागावर बसे," धकाते म्हणाले. "आम्ही कोष्टी. धागा तुटला का दोन टोकं बोटानं पिळून सांधाची. गाठ मोठी झाली का ते फणीत अडकते, अन् अख्खं लुगडं बिघडते. ओळख करून देतानी आपला माल मधात आणला का झाली गाठ मोठी."

साहेबांनी हे ऐकलं. मला वाटतं त्यांना ते आवडलंही. पण ते म्हणाले, "हिंगण्याला नवा कारखाना आलाय. त्यांच्या सगळ्या यंत्रांना वर्षभर पट्टे लागणार. तो ग्राहक मिळाला तर ही शाखा राहील. नाही मिळाला तर मार्चअखेर आपण इथे कुलूप लावतोय. तुमची बदली कानपूरला. मला वाईट वाटतंय, पण वरून तसं आलंय."

माझं काय, टाइपरायटर जगात कुठेही सापडतो. पण धकात्यांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा रिकामा पाहिला. साहेब गेल्यावर ते बराच वेळ खिडकीशी उभे होते. खाली सदरचा रस्ता वाहत होता. सायकली, टांगे, शाळेतून परतणारी पोरं. येणारा-जाणारा वर बघून हात करी, तेही हात करीत. मग हळूच म्हणाले, "पाठक, कानपुरात मी कोणाले ओळखतो गा?"

घरी त्यांनी ही बातमी सुशीलावहिनींना सांगितली तेव्हा मी तिथे होतो. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले. "अवो, तिकडं तुमी रस्त्यानं मुक्यावाणी चालान," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा भाकरी थापू लागल्या, जरा जोरात.

हिंगण्याचा खरेदी अधिकारी मात्र कोणाला भेटतच नव्हता. फाटकावरून निरोप येई, वेळ नाही. धकाते कामगारांच्या कंपनी बसमधून हिंगण्याला जात, कारण बसचा ड्रायव्हर ओळखीचा. फाटकावर बसत, कारण दरवान ओळखीचा. तिथेच संध्याकाळ करून परत येत. आठवडे गेले. थंडी पडू लागली. धकात्यांनी त्या कारखान्याच्या टेलिफोन ऑपरेटर मेश्रामबाईंच्या धाकट्या भावाची एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याशी गाठ घालून दिली, भाऊ कामाला लागला, पण खरेदी अधिकाऱ्याचं दार बंद ते बंदच.

मग एका सकाळी मेश्रामबाईंचा फोन आला. धकात्यांनी तो घेतला, आणि मी बघत असताना त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"मालक स्वतः जाऊन राहिले," फोन ठेवून ते म्हणाले. "मुंबईहून कलकत्त्याले, मेलनं. इमानात बसाची भीती वाटते म्हणे शेठले. नागपुरात उतरणार नाहीत. पण गाडी तं थांबते!"

आता नागपूरची एक रीत सांगायला हवी. मुंबईहून कलकत्त्याला जाणारी गाडी आमच्या स्टेशनावर थांबते, दिल्लीहून मद्रासला जाणारीही थांबते. त्यामुळे आमच्याकडे कोणाचे तरी मामा, कोणाची तरी नणंद सतत गावावरून चाललेली असते, आणि त्यांच्यासाठी घरचा डबा घेऊन गाडीवर जायचं हा शहराचा अघोषित कायदा आहे. खिडकीतून डबा द्यायचा, गाडी हलेपर्यंत बोलायचं, रिकामी भांडी घेऊन परत यायचं. लोक हे नातलगांसाठी करतात. धकाते कोणासाठीही करत. "सारा देश नागपुरावरून जाते गा," ते म्हणत. "आपण फक्त फलाटावर उभं राहाव." कितीदा तरी मी त्यांना तिथे पाहिलं होतं. इंजिनाच्या वाफेत अर्धे बुडालेले, हातात डबा, कोणत्या तरी खिडकीशी हसत. गाड्या येत, जात. ती माणसं जिथे कुठे जायची तिथे जात. आणि दूरच्या कुठल्याशा गावात एखादा माणूस आपल्या बायकोला सांगत असे की नागपूरला एक भला माणूस भेटला होता, नाव मात्र लक्षात नाही.

त्या दिवशी वहिनींनी पाटवडीचा रस्सा केला होता. शेठ शाकाहारी, म्हणून मटण नाही. पण तिखट मात्र तेच, तांडापेठेचं. भाकर, वडाभात, वर मिरचीच्या फोडणीचं तेल वेगळ्या वाटीत. मी डब्याचं झाकण धरायला बरोबर होतो. दुपारचं थंडीतलं ऊन फलाटावर पिवळं पसरलं होतं, कुठे तरी संत्र्याच्या टोपल्या भरल्या जात होत्या, त्यांचा वास येत होता, आणि त्या वासातून गाडी आली, एखाद्या मोठ्या जनावरानं सुस्कारा टाकून बसावं तशी.

"पहिला वर्ग, खिडकीजवळ, पांढरं धोतर," मेश्रामबाईंनी एवढंच सांगितलं होतं. त्यांनी तरी शेठ कुठे पाहिले होते?

खिडकीजवळ पांढरी धोतरं दोन होती, समोरासमोर. एक धोतर भरदार माणसावर होतं. सोन्याच्या काड्यांचा चष्मा, बोटात अंगठी, मांडीवर चांदीची डबी. दुसरं धोतर एका काटकुळ्या, गप्प माणसावर. शेजारी कापडी पिशवी, हातात वर्तमानपत्र. धकात्यांना क्षणभरही शंका आली नाही. नाव विचारणं त्यांच्या दंडकात बसत नव्हतं. ते आत चढले, भरदार गृहस्थांना नमस्कार केला आणि म्हणाले, "घरचं हाये. गरम हाये. पहिले खाऊन घ्या."

भरदार गृहस्थांनी एकदा धकात्यांकडे बघितलं, एकदा डब्याकडे. डबा जिंकला. पहिल्या घासाला त्यांचे डोळे मोठे झाले, दुसऱ्या घासाला कपाळावर घाम आला, तिसऱ्या घासाला नाक वाहू लागलं, आणि चौथा घास त्यांनी स्वतः हातानं ओढून घेतला. धकाते समोरच्या काटकुळ्या गृहस्थांकडे वळले. "मुनीमजी, बघून काय राहिले? शेठजीले पाणी द्या ना जराक!"

काटकुळ्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. भुवया वर गेल्या. मग त्यांनी मुकाट्यानं सुरईतून पेला भरून समोर धरला.

"तब्येतीनं तुमचे मुनीम उपाशीच दिसते," धकाते शेठजींच्या कानात मोठ्यानं म्हणाले. "त्यांच्याकडे ध्यान द्या. चांगला माणूस हाये, चेहऱ्यावरून समजते."

मग ते बोलत बसले. हिंगण्याच्या हवेबद्दल बोलले, कारखाना तिथे आल्यानं किती घरांत चूल नीट पेटू लागली त्याबद्दल बोलले. भरदार गृहस्थ मान डोलावत होते, पण ती मान पाटवडीला डोलत होती. वर्तमानपत्र आता काटकुळ्या गृहस्थांच्या मांडीवर तसंच पडून होतं. पट्ट्याचा अजून शब्द नाही. मी खिडकीबाहेर झाकण हातात धरून घामाघूम झालो होतो. घंटा झाली.

शेवटी भरदार गृहस्थांनी हात धुतले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "आपण फार प्रेमानं खाऊ घातलंत. पण हिंगणा म्हणजे नेमकं कुठे? मी रायपूरला असतो. होमिओपॅथीच्या गोळ्या देतो."

मी झाकण घट्ट धरलं.

धकात्यांनी निमिषभर डब्याकडे बघितलं. त्या निमिषात मला कानपूर दिसलं, मुका रस्ता दिसला. मग ते हसले. मनापासून, पोटापासून.

"डॉक्टर, मी पट्टे विकतो. तुमाले मी कारखान्याचा मालक समजलो. त्याच्याचसाठी आणला होता डबा."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "अरेरे. म्हणजे मी दुसऱ्याचं..."

"दुसऱ्याचं कायचं? तुमी खाल्लं, तुमचं झालं," धकाते म्हणाले, आणि वाटीतली राहिलेली पाटवडी त्यांच्या हातात ठेवली. "हे कशाले ठेवता? थंडी झाली का मजा जाते."

मी खिडकीतून ओरडलो, "धकातेभाऊ! शेठ दुसऱ्या डब्यात असतील! अजून शिट्टी नाही झाली!"

ते ऐकू गेल्याचं त्यांनी दाखवलं नाही. डॉक्टर पाटवडी खात होते, आणि खाणाऱ्या माणसाला अर्ध्यात सोडून उठणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांचा घास संपला, शिट्टी झाली, तेव्हा ते उतरले.

त्यानंतरही मी वर्ष-दोन वर्षं त्या शाखेत होतो, पण माझ्या मनात धकाते म्हटले की ते त्या दुपारचे उभे राहतात. गाडी हलली आहे. धूर आणि ऊन एकमेकांत मिसळून सगळा फलाट पिवळा, तरंगता झाला आहे. एका हातात रिकामा डबा, दुसरा हात डॉक्टरांसाठी वर, इतका वर की शर्ट पँटीतून बाहेर आला आहे. चेहऱ्यावर कानपूरचा मागमूस नाही. नवी ओळख झाली एवढंच. मी शेजारी रडकुंडीला आलेलो. आणि तेवढ्यात त्याच खिडकीतून डॉक्टरांना बाजूला सारून ती काटकुळी मान बाहेर आली, आणि साऱ्या फलाटाला ऐकू जाईल असं ओरडली:

"अरे ओ पट्टेवाले! हिंगणे का सेठ मैं हूँ! मंगल को लौट रहा हूँ, मुनीम का डिब्बा लेकर आना!"